सातवं कार्ड

"भिंग खिशातच राहू द्या, आजोबा. नुसत्या डोळ्यांनी वाचायचंय," पांढऱ्या कोटातली मुलगी म्हणाली.

घड्याळजींनी भिंग खिशात सरकवलं. खरं तर त्यांना ते फारसं लागायचंच नाही. गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून ते लावायचे.

खोली दुधासारखी पांढरी होती. पडद्यातून दुपारचं ऊन झिरपत होतं, पंखा गुणगुणत होता, आणि आपण नक्की जागे आहोत ना, असं त्यांना मधूनच वाटत होतं.

मुलीने पहिलं कार्ड समोर धरलं.

"या पेयात साखर फार आहे. मधुमेह असल्यास पिऊ नये," त्यांनी वाचलं.

एवढं वाक्य बाटलीवर छापून यावं म्हणून त्यांचा जीव टांगणीला लागला होता. बायकोला मधुमेह. पायाची जखम तीन महिने भरत नव्हती. तरी रोज दुपारी तिला फळांच्या रसाची बाटली हवीच. ते कानीकपाळी ओरडले की ती म्हणायची, "बाटलीवर छापलंय का तसं? छापलं की सोडते." छापील शब्दावर तिची फार श्रद्धा, नवऱ्यावर बेताचीच.

आता सरकार तसा नियम करणार होतं. इशारा नागरिकांना वाचता येतो का, हे तपासायला समितीने त्यांना पत्र पाठवून बोलावलं होतं. आपल्याला वाचता आलं नाही तर नियम बारगळेल, या धास्तीने त्यांना रात्रभर झोप नव्हती.

बाहेरच्या बाकावर मंडळी मात्र मोठी गोड भेटली. खडे बसवणारा सोनार, रफू करणाऱ्या बाई, तांदळाच्या दाण्यावर नावं लिहिणारे एक गृहस्थ. गप्पांत वेळ कसा गेला कळलं नाही.

दुसरं कार्ड, तिसरं, चौथं. वाक्य तेच, अक्षरं बारीक होत चाललेली. सहाव्या कार्डाला घड्याळजींना वाटलं, आपण एका जुन्या घड्याळाच्या पोटात हळूहळू उतरतोय. आत सगळं शांत आहे. बायको बसली आहे आणि तिचा पाय बरा झालाय.

"हे सातवं. घाई नाही, आजोबा."

त्यांनी श्वास रोखला. कार्डावरच्या धुळीएवढ्या ठिपक्यांतून दोन ओळी सावकाश वर आल्या. त्यांचा एकही शब्द चुकला नाही.

"कमाल आहे तुमची!" मुलीचा चेहरा खुलला. तिने नोंद केली. तिच्या पेनावर छोटासा पिवळा सूर्य होता.

महिन्याभराने नियम झाला. पेपरातला मथळा बायकोने स्वतः वाचला. खाली लिहिलं होतं, अक्षरांचा आकार नागरिकांच्या चाचणीवरूनच ठरवला आहे. घड्याळजींची छाती फुगली.

"जिंकलात हो," ती म्हणाली. "आता बाटलीवर दिसू दे. दिसलं की बंद. शब्द दिला."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. नव्या छपाईच्या बाटल्या दुकानात आल्या, त्याच दिवशी ते एक घेऊन आले.

बायकोने चष्मा पुसला, खिडकीच्या उजेडात बाटली फिरवून फिरवून पाहिली. वर रसाळ फळं, टोपणावर पिवळा सूर्य.

"कुठंय?"

घड्याळजींनी बाटली हातात घेतली. तळाच्या कडेला त्यांना ते लगेच दिसलं. त्यांनी दोन्ही ओळी वाचून दाखवल्या.

तिने पुन्हा डोळे बारीक करून पाहिलं, मग हसली.

"मनचंच वाचताय," म्हणाली, आणि टोपण उघडलं.