लाल ठिपके

"सूर्याला कुबड आलंय," पडद्यावरची नजर न काढता लेक म्हणाली. "बाबा, हे खोटं आहे."

वेधशाळेच्या घुमटात दोघंच होती. सूर्याचं बिंब झाकून भोवतीच्या प्रभामंडळाचं चुंबकत्व मोजायचं होतं. त्यांच्या दुर्बिणीला ते अजून एकदाही जमलं नव्हतं. अवरक्त प्रकाशाच्या ध्रुवणात, म्हणजे त्याच्या लहरींच्या कंपनदिशेत, त्याची बारीकशी खूण उमटायला हवी होती: आलेखाच्या रेघेला एक चढ आणि लगेच तेवढाच उतार. पडद्यावर मात्र एकच जाडजूड उंचवटा ठाण मांडून बसला होता.

"थंडीनं दुर्बिणीच्या काचेभोवतीचं कडं आकसलंय. काच आवळली गेलीय. स्क्रू सैल करायला हवेत."

बाबांनी कड्यावर हात आडवा धरला. ती काच लेकीच्या आईने बसवली होती, गेल्या उन्हाळ्यात. तिचं शेवटचं काम. स्क्रू हलू नयेत म्हणून प्रत्येकावर तिने नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता. स्वतःच्या नखांना तिने ते जन्मात लावलं नाही. ती गेल्यापासून बाबांनी त्या कड्याला कुणाला बोट लावू दिलं नव्हतं.

"दुसरं काहीतरी करून बघ."

"सगळं करून झालं. बाबा, आई काय म्हणायची?"

बाबांनी कड्यावरचा हात काढला. "काच आवळून धरली, की खोटं बोलते."

त्यांनी स्क्रूड्रायव्हर उचलला. पहिला ठिपका टचकन फुटला, मग एकेक करत बाकीचेही. कपचे काचेवर पडू नयेत म्हणून त्यांनी खाली तळहात धरला होता. ते सगळे झेलले आणि खिशात टाकले.

पडद्यावरचा उंचवटा विरून गेला. रेघ सपाट.

"आता तर काहीच नाही."

"थांब. प्रकाश साठू दे."

दुपार कलली तरी दोघं जागची हलली नाहीत. मग रेघ जराशी वर गेली, खाली आली. पुन्हा मोजलं. तेच. एक चढ, एक उतार.

लेकीने अशी आरोळी ठोकली की घुमट दणाणला. "सापडलं! बाबा, आईची काच खरं बोलली!"

बाबांनी तिला मिठी मारली. एवढी घोडी झालेली पोर, तिला कडेवर घ्यायचंच काय ते बाकी ठेवलं.

मग त्यांनी खणातून ती जुनी बाटली काढली. एका स्क्रूवर ठिपका दिला, दुसऱ्यावर दिला. तिसऱ्यावर ब्रश कोरडाच फिरला.

"नवी आणू?"

"आण. लालच आण." बाबा अजून पडद्याकडेच बघत होते. "आणि मोठी आण. थंडी दरवर्षी येणार."