परका शेजार

पाववाल्या बाईनं पाव तिच्या हातात दिला नाही. काउंटरवर ठेवून बोटानं पुढे सरकवला आणि मागच्या गिऱ्हाइकाकडे बघून तोंडभर हसली.

ताई पाव उचलून बाहेर पडली. भावंडांत थोरली, म्हणून आईबापसुद्धा तिला ताईच म्हणायचे. एका लॅबमध्ये दातांच्या कवळ्या बनवण्याचं काम शिकायला ती या देशात आली होती. लॅबनं तिची सोय एका एकट्या राहणाऱ्या बाईंच्या घरी केली होती. पहिल्या दिवशी त्या बाईंनी तिला असं पोटाशी धरलं, की ताईच्या तोंडून आपसूक 'मावशी' निघालं. तेच नाव पडलं.

सुरुवातीला गल्ली बरी होती. कोपऱ्यावरच्या घरातली बाई हात हलवायची. समोरचे आजोबा बस कुठे थांबते ते दाखवायला फाटकाबाहेर आले होते. मग काय बिनसलं कुणास ठाऊक. कोपऱ्यावरची बाई तिला बघताच लेकराला आत ओढू लागली. आजोबा कुंपण छाटता छाटता थांबायचे आणि ती नजरेआड होईपर्यंत रोखून बघायचे. एकदा कुणीतरी तिच्या सायकलच्या सीटवर अंडं फोडून ठेवलं.

"आम्ही केलेल्या दातांनी अर्धं गाव हसतं," ती फोनवर आईला म्हणाली, "पण मला बघितलं की सगळ्यांची दातखीळ बसते."

आई हसली नाही. "नीट जेवतेस ना?" एवढंच विचारलं.

मावशींशी मात्र सगळे गोड. पाववाली बाई स्वतः गरम सूप घेऊन यायची. ताईनं दार उघडलं की भांडं मागे घ्यायची. "त्यांना बोलव."

मग दाराशी दोघींची कुजबुज चालायची. मावशी डोळे टिपत आत यायच्या.

"तुझ्यासाठी भांडले गं. पण ऐकतील तर शपथ. बाहेरच्या माणसाचं यांना वावडंच आहे. तू नको जाऊस त्यांच्या वाटेला."

ताईला भरून यायचं. ती मावशींच्या मनगटाची पट्टी बदलायची, उशी सारखी करायची. वयामुळे मावशींना सारखं काहीतरी लागायचं, कधी कपाटाचं दार, कधी तापलेला तवा.

लॅबच्या मुख्य बाईंनी एक दिवस विचारलं, "वसतिगृहात खोली रिकामी झालीय. जातेस?"

ताईनं घरी येऊन सांगितलं. मावशींच्या हातातला चमचा थांबला.

"जा बाई. मी कोण तुला अडवणारी?" मग हलकेच म्हणाल्या, "मला वाटलं होतं, तू तरी राहशील."

ताईनं खोली नाकारली. मावशी एकटी बाई, साऱ्या गल्लीशी आपल्यासाठी वैर घेते आणि आपण पळ काढायचा? ते तिच्या रक्तात नव्हतं. शेजाऱ्यांना आपलंसं करून दाखवीन, असं तिनं मनाशी धरलं.

संधी चालून आली. सुट्टीच्या सकाळी समोरचे आजोबा शिडीवरून कोसळले. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. ताई धावली. त्यांना बसतं केलं, कपाळाच्या जखमेवर स्वतःची ओढणी दाबून धरली. कवळी उडून गवतात पडली होती. ती तिनं उचलली, नळाखाली धुतली, उजेडात फिरवून बघितली.

"तडा गेला नाही. तोंड उघडा, आजोबा."

कवळी बसली. कडेला टोचत होती, तर लॅबमधून घासून आणते म्हणाली. खांद्याचा आधार देऊन त्यांना घरात नेलं, खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. त्यांच्या लेकीला फोन लावून दिला. आजोबा सगळा वेळ तिच्या हातांकडे बघत होते.

ती निघाली तशी त्यांनी तिचा हात धरला. ताईचा जीव सुपाएवढा झाला. अखेर या गल्लीतलं एक माणूस तिच्याशी बोलणार होतं.

"पोरी, किती हळुवार आहेत गं तुझे हात," आजोबा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "मग त्या बिचारीला रोज मारतेस तरी कशी?"