संडासातली पाटी

आमच्या रत्नागिरीच्या होमस्टेला येणाऱ्या पाहुण्यांसाठी मी संडासात पाटी लावली आहे: पाण्याशिवाय काही टाकू नये.

गेल्या पावसाळ्यात तो तुंबला, तेव्हा मी पाहुण्यांदेखत मामंजींवर ओरडले. संध्याकाळी प्लंबरने आतून पाहुण्यांच्या बाळाचं डायपर काढलं. तरी मी मामंजींची माफी मागितली नाही. त्यानंतर ते शौचाला मागच्या नारळीच्या आगरातच जाऊ लागले. एका सकाळी ओल्या चिऱ्यावरून घसरून विहिरीत पडले, ते गेलेच.

यंदा एकदाही तुंबला नाही. आज झाडायला गेले, तर भांड्यावर कोळ्याचं जाळं. पाहुणे येऊन तीन दिवस झालेत.

‘वापरत नाही का तुम्ही?’

पाहुणी संकोचली. ‘आजोबा म्हणाले, तिथे नको, सूनबाई ओरडते. तेच नेतात विहिरीपलीकडे. आमची छोटी आत्ताच गेली त्यांच्याबरोबर.’