मूळ पुरुषाचा दात

दोन हजार चार साली जयसिंगपूरजवळ मल्लिकार्जुन आप्पांच्या मळ्यात विहीर खणताना जुनेपाने दोन सांगाडे निघाले. एक बाई, एक पुरुष, अगदी शेजारी शेजारी. माणूस पुरायची रीत आम्हा लिंगायतांची, तेव्हा हा आमचाच मूळ पुरुष आणि ही त्याची कारभारीण, असं आप्पांनी गावभर सांगून टाकलं. वर मांडव घातला, दोघांना झेंडूचे हार घातले. पुण्याच्या संशोधक बाई तपासायला दात आणि बरगडीचे तुकडे घेऊन गेल्या.

घरात मात्र वेगळीच धुसफूस होती. आप्पांच्या एकुलत्या एक लेकीला, शिवांजलीला, लातूरचा शशिधर मास्तर पसंत होता आणि लग्न करून दोघांना इथंच राहायचं होतं.

"परमुलखातला घरजावई? मूळ पुरुषाला काय तोंड दाखवू?" आप्पा रोज ओरडायचे.

काही महिन्यांनी संशोधक बाई परत आल्या. म्हणाल्या, "दात लहानपणी घडतो, तेव्हाचं अन्नपाणी त्यात कायमचं राहतं. हाड मात्र बदलत राहतं. ही बाई इथल्याच पाण्यावर वाढली. पुरुषाचा दात लांबच्या मुलखातला आहे, पण बरगडी इथली. म्हणजे तो मोठेपणी हिच्या गावी येऊन राहिला."

आप्पांनी टोपी काढून डोकं खाजवलं. शिवांजलीला हसू आवरेना.

"आप्पा, ह्या मूळ पुरुषाचा हार काढू काय?"

"हात लावू नगंस!" आप्पा गरजले आणि तिथनंच त्यांनी मास्तरच्या वडिलांना मोबाईल लावला. "या की पावणं, पोराला घिऊन! आमच्यात पयल्यापासनं घरजावयाचीच रीत हाय."