'बाय'चं कार्ड

आमचे हे शब्दकोशाच्या कचेरीत होते. इंग्रजी शब्दाचा अर्थ आणि उगम शोधून कार्डावर लिहायचा, हे त्यांचं काम. पण स्वतः घरातून निघताना नुसतं "बाय" म्हणायचे आणि माझं डोकं फिरायचं.

"बाय काय? येतो म्हणावं माणसानं!"

"बरं बाई, येतो," म्हणत ते जिना उतरायचे.

ऑपरेशनला आत नेतानाही त्यांनी "बाय" म्हणून हात हलवला. मी स्ट्रेचरच धरून ठेवलं. "येतो म्हणा आधी." ते हसले आणि म्हणाले, "येतो."

ते गेले, त्याला आता सात महिने झाले. पण रोज संध्याकाळी साडेसहाला जिन्यावर त्यांच्या चपला वाजतात, मग दाराची कडी वाजते. आधी घाबरले, नंतर वाट बघायला लागले. हल्ली मात्र तेवढाच जिना चढायला त्यांना फार वेळ लागतो. मध्येच थांबतात, दम खातात.

काल कचेरीतला शिपाई त्यांच्या खणातली कच्ची कार्डं देऊन गेला. त्यात 'बाय'चंही होतं. त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलेलं: 'गुडबायचं लहान रूप. मुळात, देव तुमच्यासोबत असो. बोलून बोलून शब्द एवढाच उरला.'

आज कडी वाजली तेव्हा मी दार उघडलं आणि रिकाम्या जिन्याकडे बघून हात हलवला.



"बाय," मी म्हणाले. "आता येतो म्हणू नका."