चौथं नाव

साल एकोणीसशे त्रेसष्ट. त्या रविवारी पाळकसाहेबांचा उपदेश चांगलाच रंगला. प्रार्थनेत पोकळ बडबड करू नका, असं प्रभूनं सांगितलं, तिथे मूळ ग्रीक शब्द आहे बात्तालोगेओ. "म्हणजे काय? तोंड चाललंय आणि मन गेलंय गावाला!" मंडळी हसली. पहिल्या बाकावर पाळकीणबाईही हसल्या. नवऱ्यानं चार दिवस जाडजूड कोशात डोकं घालून तो शब्द खणून काढला होता.

मग नेहमीची प्रार्थना. आजाऱ्यांची यादी पाळकसाहेबांना तोंडपाठ होती. डोळे मिटून त्यांनी ती घडाघडा म्हटली. म्हातारे मास्तर, बेकरीवाल्याची आई, पाय मोडलेला गवंडी, "आणि घड्याळजींची पत्नी. तिला लवकर बरं करून घरी आण."

"आमेन," सगळी मंडळी एका सुरात म्हणाली.

त्यांनी डोळे उघडले. तिसऱ्या बाकावर घड्याळजी एकटाच बसला होता, दंडाला काळी फीत. मंगळवारी त्याच्या बायकोच्या पेटीवर पहिली मूठ माती पाळकसाहेबांनीच टाकली होती.

मंडळी गीताचं पान शोधत होती. कुणाच्या काही लक्षात आल्याचं दिसत नव्हतं. पाळकसाहेबांचे कान मात्र तापले.

घरी पोहोचताच पाळकीणबाईंनी त्यांना दारातच अडवलं. म्हणाल्या, "जेवण नंतर. आधी त्यांच्याकडे जाऊन या."

"अगं, पण सांगू काय त्याला?"

"मला काय विचारता? ग्रीक तुम्हाला येतं."

घड्याळजी दुकानामागच्या खोलीत भांडी विसळत होता. त्यानं हात पुसून खुर्ची पुढे केली. पाळकसाहेब उभेच राहिले. वाटेत घोकलेलं त्यांनी सुरू केलं, "माणूस हा दुर्बळ आहे, घड्याळजी, आणि आपला कृपाळू पिता..." आवाज तोच, रविवारचा. तो त्यांचा त्यांनाच ऐकू आला आणि ते थांबले.

"राहू द्या, साहेब," घड्याळजी जमिनीकडे बघत म्हणाला. "आमेन मीही म्हणालो. चांगलं मोठ्यानं. रस्त्यावर आल्यावर कळलं."

दोघांचीही मान वर होईना. भिंतीवर आठ-दहा घड्याळं टिकटिकत होती. पाळकसाहेबांनी फडकं उचललं आणि ओली भांडी पुसायला घेतली.

घड्याळजी पुढे लेकीकडे परगावी गेला, तिथेच वारला. पाळकीणबाई दर शनिवारी आजाऱ्यांच्या घरी जात राहिल्या, पाय चालत होते तोवर. पाळकसाहेब त्याच चर्चमध्ये आणखी एकोणीस वर्षं होते. यादीतल्या प्रत्येक नावानंतर ते थांबत, त्या माणसाचा चेहरा डोळ्यांपुढे येईपर्यंत. कधी फार वेळ लागे. मागच्या बाकांवर चुळबुळ सुरू होई.

"थकले हो बिचारे," लोक कुजबुजत, "आता साधी नावंसुद्धा आठवत नाहीत."