दगडावरचा दुसरा

मंद्रूपच्या माळावर, शर्यतीच्या वाटेकडेला बिरुदेवचा दगड आहे. छकडा उलटून तो इथंच गेला. दगडावर बैलजोडी, छकडा आणि हाकणारा एकटा बिरुदेव कोरलाय. दगडाला तेल लागल्याशिवाय शर्यतीचा झेंडा पडत नाही.

तेल लावायचा मान त्याच्या बायकोचा, केराबाईचा. आज तिनं पदरानं धूळ पुसली आणि तिचा हात थांबला. दगडातल्या छकड्यावर दोघंजण होते. दुसऱ्याच्या दंडाला रुमालाची गाठ होती. तसाच रुमाल सकाळी तिनं लेकाला, बिभीषणला, बांधला होता.

"आये, तेल लाव की! बैलं थांबनात," बिभीषण छकड्यावरून ओरडला.

"न्हाय लावायची! खाली उतर तू!" तिनं तेलाची वाटी मातीत पालथी केली.

पंचांनी दगडाकडं बोट केलं. "लावलंय की, केराबाई."

ती वळली. दगडावरून तेल निथळत होतं, आणि मागं झेंडा पडला.